३५ हजारात पीसी बसवायचाय, बर्डीतलं एस्टिमेट घेऊ का नको?

हिंगणारोड:
नमस्कार मंडळी. लहान बहिणीला यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, तिला पीसी घेऊन द्यायचाय. मी एमआयडीसीत कामाला आहे, ३५ हजार बाजूला काढलेत, त्याच्या वर जमणार नाही कारण कॉलेजची फी पण आहे. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस मामांनी दिलाय. काम म्हणजे सी, जावा, पुढे अँड्रॉइड स्टुडिओ, आणि तिला व्हिडिओ एडिटिंगची हौस आहे.

काल नागपुरात बर्डीत एका दुकानात गेलो, त्याने वहीच्या पानावर लिहून दिलं: आय७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, २ जीबी ग्राफिक कार्ड, काचेचं कॅबिनेट चार रंगीत फॅनवालं, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कॅबिनेटसोबतच, सगळं मिळून २४ हजार. बहीण ते कॅबिनेट पाहून तिथून हलेना. ११ हजार वाचतात म्हणून मीही खूश होतो, पण घरी आल्यापासून खटकतंय की इतकं स्वस्त कसं काय. जाणकारांनी प्लीज सांगा.

खामल्याचा_भाऊ:
भाऊ थांब, ॲडव्हान्स देऊ नोको. आय७ च्या पुढचा नंबर काय आहे ते विचारलं काय? आय७ हे नाव २००८ पासून चालू आहे, नुसतं आय७ म्हणजे काहीच सांगितलं नाही त्यानं. या भावात बहुतेक ३७७० असंल, २०१२ चा, जुन्या ऑफिसच्या मशीनमधून काढलेला, आणि त्याच्याखाली एच६१ चा जुना मदरबोर्ड. रॅम डीडीआर३, जुन्या पिढीची, म्हणजे पुढं बोर्ड बदलला तर ती रॅमही गेली. त्या प्रोसेसरला विंडोज ११ चा अधिकृत सपोर्ट नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आज फर्स्ट इयरला असलेल्या पोरीला चार वर्षं काढायची आहेत त्याच्यावर. तू जाऊन फक्त नंबर विचार, दुकानदार काय उत्तर देते ते पाह्य.

प्रतापनगर_ताई:
हो, नंबर विचाराच. माझ्या मुलाचा पीसी आम्ही दोघांनीच बसवला, एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेतला होता, तुमच्या कामाला मी तोच सांगेन. सहा कोर बारा थ्रेड, आणि ग्राफिक्स त्याच्यातच आहे त्यामुळे वेगळं कार्ड लागत नाही. शेवटचं ‘जी’ बघून घ्या, नुसता ५६०० किंवा ५५०० घेतला तर कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. इंटेलमध्ये उलट आहे, तिथे शेवटी ‘एफ’ असेल तर आतलं ग्राफिक्स नसतं. ते २ जीबीचं कार्ड जीटी ७१० किंवा ७३० असेल तर ५६००जी चं आतलं ग्राफिक्स त्यापेक्षा चांगलंय.

रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या, १६ ची एक नको. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, दोन पट्ट्या असल्या की एडिटिंग करताना फरक डोळ्याला दिसतो. आम्ही आधी एकच लावली होती, दुसरी आली त्या दिवशी मुलगा म्हणाला आई हा वेगळाच पीसी वाटतोय.

हिंगणारोड:
आत्ताच जाऊन आलो. नंबर विचारल्यावर आधी म्हणे ‘आय७ च आहे हो, टॉपचा’. मी म्हटलं लिहून द्या, तर आत जाऊन आला आणि पानावर ३७७० लिहिलं. वॉरंटी दुकानाची एक वर्ष, बिल कच्चं. पक्कं पाहिजे तर १८ टक्के वेगळे. भाऊ, तुम्ही न पाहता नंबर सांगितला, खरंच खूप आभार. आता नवीनच घेतो. पण रॅमचा भाव ऐकून घाम फुटला.

खामल्याचा_भाऊ:
रॅम २०२५ च्या शेवटापासून महागून रायली, सगळा माल एआयच्या डेटा सेंटरला जाऊन रायला. म्हणून ताईंचं म्हणणं बरोबर असलं तरी मी म्हणतो आता १६ ची एकच पट्टी घे, कोडिंगला तेवढी पुरते, पैसे आले की दुसरी लाव. ८-८ घेतल्या आणि बोर्डला दोनच स्लॉट असले तर पुढं वाढवताना जुनी पट्टी काढावी लागते.

प्रतापनगर_ताई:
हेही पटतं. मग चार स्लॉटचा बी५५० बोर्ड बजेटमध्ये बसतो का बघा, नाही बसला तर ए५२० आणि १६ ची एक पट्टी. एसएसडी मात्र जेन ४ ची (जास्त वेगाच्या पुढच्या पिढीची) महाग घेऊ नका, ५६००जी जेन ३ वरच चालतो, जास्तीचे पैसे वाया.

मशीन_दुरुस्ती_नागपूर:
मी बारा वर्षं रिपेअरिंग करतो, दोन गोष्टी सांगायच्या आहेत ज्या इथे कोणी विचारत नाही.

पहिली एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो घेऊच नका, कितीही ४५० वॅट लिहिलेलं असो. हातात धरून बघा, रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. तो जाताना एकटा जात नाही, कधी बोर्ड घेऊन जातो कधी हार्ड डिस्क, आणि मग पोरं इथे रडवेली होऊन येतात, प्रोजेक्ट त्याच्यातच असतो. ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) ४५० वॅट वेगळा घ्या, त्यासाठी कॅबिनेट साधं घ्यावं लागलं तरी चालेल. आणि घरातल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात.

दुसरी आपला उन्हाळा. मे महिन्यात ४५ च्या वर जातं, खोली तापली की प्रोसेसरचं तापमान जवळपास तेवढंच वर सरकतं. काचेचं तोंड असलेल्या कॅबिनेटला हवा घ्यायला जागाच नसते, रंगीत फॅन चार असले तरी आतली गरम हवाच फिरवतात. पुढून जाळी असलेलं घ्या, एक फॅन पुढे एक मागे, बस. आणि पीसी घरातल्या पाण्याच्या कूलरच्या झोतात ठेवू नका. गेल्या जूनमध्ये एक मशीन आलं, चालू केलं की दहा मिनिटांत बंद. हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) काढला तर पात्यांमध्ये धूळ आणि ओल मिळून खळीसारखा थर बसला होता, नखाने खरवडला तेव्हा निघाला. कूलर खिडकीत आणि टेबल बरोबर त्याच्यासमोर, दोन उन्हाळे.

हिंगणारोड:
दादा आमच्याकडे टेबल कूलरसमोरच आहे, आजच हलवतो. बहिणीला तुमचा मेसेज वाचून दाखवला, ती काचेच्या कॅबिनेटवरून जाळीच्यावर आली, फक्त काळं नको पांढरं पाहिजे म्हणते. फायनल असं धरू का: ५६००जी, ए५२०, १६ ची एक पट्टी, ५०० ची जेन ३ एसएसडी, ब्रॉन्झ एसएमपीएस, साधं जाळीचं कॅबिनेट?

प्रतापनगर_ताई:
धरा. प्रोसेसर बॉक्सवालाच घ्या, ट्रेवाला (सुटा) नको, बॉक्समध्ये प्रोसेसरचा फॅन येतो आणि कंपनीची तीन वर्षं वॉरंटी असते. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. बसवायला अडलं तर रविवारी या घरी, मुलगा आहे, आणि बहिणीला पण आणा, तिच्या हाताने बसू दे.

खामल्याचा_भाऊ:
बजेट सुटलं तर एसएसडी २५० ची कर, पण एसएमपीएसला हात लावू नोको.