आठवड्यातून एकदा घ्यायचे मधुमेहाचे इंजेक्शन सुरू करताना

सहकारनगरची शिक्षिका

नमस्कार. माझे वय ५७ असून गेली अकरा वर्षे मला मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांची एकत्रित गोळी दोन वेळा आणि सोबत व्हिल्डाग्लिप्टिन, असे माझे औषध बरीच वर्षे चालू आहे. मागील वर्षी एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.६ होते, ते गेल्या महिन्यात ८.८ आले. खाण्यात मी काही वाढवलेले नाही आणि तळजाईवरचे सकाळचे फिरणेही चुकवलेले नाही, म्हणून तो आकडा पाहून मला फार वाईट वाटले. डॉक्टरांनी आता टिर्झेपाटाइड नावाचे, आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन सुचवले आहे. सुरुवात २.५ मिलिग्रॅमने करायची आहे. चिठ्ठी हातात आहे, पण दहा दिवस झाले तरी मी औषध आणलेले नाही.

त्याचे खरे कारण सांगते. माझ्या आईला इन्शुलिन सुरू झाले तेव्हा तिच्या पायाची जखम चिघळलेली होती आणि त्यानंतर ती दीड वर्षच आमच्यात राहिली. त्यामुळे इंजेक्शन म्हणजे शेवटची पायरी, ही समजूत माझ्या मनात इतकी घट्ट बसली आहे की वाचून, समजून घेऊनही ती सुटत नाही. दुसरे असे की, शेजारच्या बाई म्हणतात हे वजन उतरवण्याचे इंजेक्शन आहे. माझी उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६१ किलो आहे, कोणीही मला लठ्ठ म्हणणार नाही. मग हे मला कशासाठी? शिवाय मी दर संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपवास करते. चिठ्ठीत आधीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, याविषयी काहीच लिहिलेले नाही. मुलगा बंगळुरूला असतो, घरी आम्ही दोघेच. ज्यांनी हे औषध स्वतः घेतले आहे किंवा घरात कोणाला दिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पर्वती पायथा

ताई, मी ६२ वर्षांचा आहे आणि हेच इंजेक्शन आठ महिन्यांपासून घेत आहे. तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जवळजवळ शेवटी लिहिले आहे, म्हणून मी तेथूनच सुरुवात करतो. आधीच्या गोळ्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिले इंजेक्शन घेऊ नका.

टिर्झेपाटाइड एकटे घेतले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याची शक्यता कमी असते, कारण ते रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. तुम्ही जेवलात की नाही, याचा हिशेब ती गोळी करत नाही आणि साखर कमी असतानाही इन्शुलिन काढतच राहते. इंजेक्शनामुळे भूक अर्ध्यावर येते, माणूस दोन पोळ्यांऐवजी एकच खाऊन उठतो, आणि ग्लिमेपिराइड मात्र पूर्वीच्याच मात्रेत पोटात जात असते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. ज्या दवाखान्यात मला इंजेक्शन लिहून दिले, तेथे गोळी कमी करण्याविषयी कोणी बोलले नाही आणि मीही विचारले नाही. तिसऱ्या आठवड्यात पर्वतीच्या पायऱ्या चढत असताना मला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले आणि समोरच्या पायऱ्या अंधुक दिसू लागल्या. बरोबरच्या मित्राने खिशातील ग्लुकोज पाण्यात कालवून पाजले. घरी येऊन तपासले तेव्हा साखर ६४ होती, म्हणजे पायऱ्यांवर ती त्याहूनही खाली गेली असणार. ग्लिमेपिराइडची मात्रा आधी निम्मी आणि पुढे शून्य झाली, तेव्हापासून असे पुन्हा घडलेले नाही.

म्हणून ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घरात हव्यातच. पहिले दीड-दोन महिने सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी साखर पाहून वहीत लिहून ठेवा. ७० च्या खाली आली तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि तरीही वाढली नसेल तर पुन्हा तेवढेच घ्यायचे. हे तुमच्या यजमानांनाही शिकवून ठेवा, कारण त्या क्षणी आपले स्वतःचे डोके नीट चालत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

संकष्टीविषयी माझे मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. ग्लिमेपिराइड चालू असेल तोवर चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणे मला धोक्याचे वाटते. उपवास सोडायचाच नसेल तर त्या दिवशीच्या गोळ्यांचे काय, हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. दुपारी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी राजगिऱ्याची छोटी भाकरी, दही आणि मूठभर शेंगदाणे असे काही घेतले तर साखर एकदम उसळणार नाही आणि एकदम कोसळणारही नाही.

त्रासाबद्दलही लिहितो. पहिले दोन आठवडे मळमळ होती, करपट ढेकर येत होते, नंतर बद्धकोष्ठता झाली. पोट रिकामे व्हायला वेळ लागत असल्याने रात्रीचे जड जेवण सकाळपर्यंत तसेच बसून राहते. मी संध्याकाळी सातच्या आत मऊ मुगाची खिचडी किंवा भाकरी आणि दुधी खाऊ लागलो, तळलेले जवळपास बंद केले आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळताच ताटावरून उठू लागलो, तेव्हा ते बरेच कमी झाले. दर वेळी मात्रा वाढवली की चार-पाच दिवस थोडा त्रास परत येतो. पाणी आणि ताक आठवणीने प्यावे लागते, कारण भुकेबरोबर तहानही मंदावल्यासारखी वाटते आणि त्यात उलट्या-जुलाब झाले तर मूत्रपिंडांवर ताण येतो. आणखी एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. वजनाबरोबर स्नायूही उतरतात. त्यामुळे डाळी, मोड आलेली मटकी, दही, पनीर, चालत असेल तर अंडी, हे आधी खायचे आणि पोळी-भात नंतर. फिरण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस हातापायांना जोर लागेल असा व्यायामही हवा.

निवृत्त औषधनिर्माती, एरंडवणे

वरचा प्रतिसाद अनुभवातून आलेला आणि योग्य आहे. मी त्यात काही भर घालते.

शिक्षिकाताई, प्रथम तुमच्या आईविषयी. इन्शुलिनमुळे त्यांची प्रकृती ढासळली नाही. प्रकृती ढासळल्यावर, बहुधा फार उशिरा, इन्शुलिन दिले गेले आणि घरच्यांच्या आठवणीत मात्र ती दोन्ही एकमेकांना चिकटून राहिली. औषधांच्या दुकानात तीस वर्षे उभी राहून मी हीच भीती असंख्य घरांत पाहिली आहे, आणि या भीतीपायी लोकांनी वाया घालवलेली वर्षे पाहून आजही मला हळहळ वाटते. शिवाय टिर्झेपाटाइड हे इन्शुलिन नव्हे. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ आणि जीआयपी ही दोन संप्रेरके स्रवतात, त्यांच्यासारखे काम हे औषध करते. इन्शुलिन वाढवते, साखर चढवणारे ग्लुकागॉन कमी करते, जठर सावकाश रिकामे होऊ देते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला लवकर पोचवते. या कुळातील पहिले औषध एक्झेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि त्याचा मूळ रेणू गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडला होता. म्हणजे ही औषधे काल-परवाची नाहीत. तुमचा आकडा वाढला, त्यात तुमचा दोषही नाही. वर्षे जातात तसे स्वादुपिंड थकत जाते आणि जुन्या गोळ्या पुरेनाशा होतात.

आता वजनाविषयी, कारण या प्रश्नाचे उत्तर आपल्या पुण्यातच शोधले गेले आहे. येथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. आपण अंगाने बारीक दिसत असलो तरी चरबी आत, विशेषतः पोटात साठलेली असते आणि तीच इन्शुलिनला दाद देत नाही. तुमच्या उंची-वजनावरून निर्देशांक २५.४ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. टेपने कंबरही मोजा, आपल्याकडील स्त्रियांसाठी तिची मर्यादा ८० सेंटिमीटर आहे. आणि मुळात हे औषध प्रथम मान्य झाले ते मधुमेहासाठीच, वजनासाठी नंतर.

व्हिल्डाग्लिप्टिनविषयीही विचारा. ती गोळी जीएलपी-१ च्याच वाटेने काम करते, त्यामुळे इंजेक्शनासोबत ती चालू ठेवण्यात सहसा फायदा नसतो आणि खर्च मात्र होत राहतो. मेटफॉर्मिन बहुधा चालू राहील. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल किंवा तुम्हाला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह, पित्ताशयाचे खडे असे काही झाले असेल, तर ते आधी सांगा. औषध चालू असताना पोटात वरच्या बाजूला तीव्र, पाठीकडे जाणारी आणि न थांबणारी कळ आली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून सुरुवातीलाच तपासून घ्या, कारण पडद्यावर आधीपासून दोष असेल आणि साखर झपाट्याने उतरली, तर काही जणांत तो तात्पुरता बळावतो. पुढे मोतीबिंदूची वा कसलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनाची आठवण करून द्या.

पहिल्या महिन्यात साखर फारशी उतरली नाही तर निराश होऊ नका. २.५ मिलिग्रॅम ही शरीराला सवय लावण्याची मात्रा आहे. चार आठवड्यांनी ५ मिलिग्रॅम होते आणि खरा परिणाम तेथून दिसू लागतो. ठरलेला वार चुकला तर चार दिवसांच्या आत घेता येते. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडून पुढच्या ठरलेल्या वारीच घ्यायचे, दोन मात्रा जोडून कधीही घ्यायच्या नाहीत. औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नको. एकदा गोठलेले औषध टाकूनच द्यावे लागते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुकानातून घरी आणताना थंड पिशवी न्या आणि स्कूटरच्या डिकीत ते एक मिनिटही राहू देऊ नका.

खर्चाचा अंदाज असावा म्हणून सांगते. मार्च २०२५ मध्ये हे औषध भारतात कुपीच्या स्वरूपात आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमच्या कुपीची ४,३७५ रुपये होती, आणि महिन्याला अशा चार लागतात. आजचा भाव दुकानात विचारून घ्या. झेपणार नसेल तर डॉक्टरांना संकोच न करता तसे सांगा. या कुळात इतर औषधेही आहेत, आणि तीन महिन्यांनी पैशांअभावी बंद करण्यापेक्षा आधीच परवडणारे निवडणे शहाणपणाचे. कोणी ओळखीतून, बिलाशिवाय स्वस्तात आणून देतो म्हणाले तर मुळीच घेऊ नका.

सिंहगड रस्ता

इंजेक्शन स्वतः टोचण्याची भीती वाटत असेल तर एक सांगतो. माझ्या पत्नीला पहिल्या दिवशी रडू आले होते, आणि टोचून झाल्यावर ती “झाले?” असे विचारत होती. पेनची सुई चार मिलिमीटरची, केसासारखी बारीक असते. बेंबीपासून दोन बोटे सोडून पोटावर किंवा मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागावर घ्यायचे, दर आठवड्याला जागा बदलायची आणि बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई बाहेर काढायची. कुपी आणि सिरिंज मिळाली तर पहिली मात्रा दवाखान्यातील परिचारिकेसमोर घ्या.

आणि वापरलेली सुई कृपया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. आपल्या दारात ‘स्वच्छ’ संस्थेच्या ज्या ताई येतात, त्या तो कचरा हाताने वेगळा करतात. आमच्या सोसायटीत एका ताईंच्या बोटात सुई घुसली आणि त्यानंतर त्यांना कितीतरी दिवस तपासण्यांच्या धास्तीत काढावे लागले. जाड प्लास्टिकची झाकणाची बरणी घेऊन तीत सुया साठवा, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि जो दवाखाना ती स्वीकारतो तेथे नेऊन द्या.

सहकारनगरची शिक्षिका

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. आईविषयीचा परिच्छेद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला आणि आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलो.

काल सगळे प्रश्न कागदावर लिहून पुन्हा डॉक्टरांकडे गेले. व्हिल्डाग्लिप्टिन बंद झाली. ग्लिमेपिराइड फक्त सकाळी आणि निम्म्या मात्रेत ठेवली आहे, दहा दिवसांच्या नोंदी पाहून तीही काढू असे ते म्हणाले. या संकष्टीला उपवास करायचा नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि मी ते मान्य केले आहे. कंबर मोजली, ती ९१ सेंटिमीटर भरली. डोळ्यांच्या तपासणीची वेळ गुरुवारची मिळाली आहे. अहवाल ठीक आला तर यजमान घरी असतात म्हणून रविवार सकाळ ठरवली आहे. पहिले इंजेक्शन दवाखान्यातील परिचारिकेसमोर घेईन. ताकाचे विरजण आजच लावले आहे आणि सुयांसाठी लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी धुऊन वाळत ठेवली आहे.