बरॉनची नोट पोरखेळ? अजिबात नाही!

नोटवेडा: काल इथे कुणीतरी ब्राझीलच्या १९७८ च्या १००० क्रुझेरोच्या नोटेचा फोटो टाकून लिहिलं, "पत्त्यातल्या राजासारखी नोट, चलनाचा नुसता पोरखेळ." वाचून डोकंच फिरलं. ब्राझीलचा मुत्सद्दी बरॉन रिओ ब्रांको, त्याचा चेहरा एकदा सुलटा, एकदा उलटा आहे तो मुद्दाम! नोटेचा चित्रकार अलोइसिओ मागाल्याइंस, त्याने नोटेला वर-खाली ठेवलंच नाही, कशीही धरा, सरळच. मी ३१ वर्षं बँकेत कॅश सांभाळली, संध्याकाळी गड्डी बांधताना उलट्या नोटा फिरवून फिरवून अंगठा सोलवटायचा, ओल्या स्पंजावर बोट टेकलं की झोंबायचं. त्या माणसाने आमचं दुखणं ओळखलं होतं.

रेवा: काका, पाठ-पोट तरी बघावं लागणारच ना? आणि ज्याने सीमेचे तंटे मिटवले, १९०३ च्या तहात बोलिव्हियाकडून आक्रे प्रांत मिळवला, त्याला उलटं टांगायचं? मला नाही पटत.

नोटवेडा: टांगलं कुठे? लोक हजाराच्या नोटेलाच 'बरॉन' म्हणायला लागले, अजून काय मान हवा?

मिलिंद: डिझाइन राहू दे, विकणाऱ्यांचं बोला. एका प्रदर्शनात हीच नोट कोरी करकरीत म्हणून घेतली, घरी येऊन दिव्याखाली तिरकी धरली तर मधोमध घडीची रेघ. इस्त्री मारलेली!

शेखर: इस्त्रीने काय बिघडतं, नोट सपाट दिसते की.

मिलिंद: काय बिघडतं?? छपाईचा उठाव दबतो, कागद मेल्यासारखा लागतो. बोट फिरवून बघ आणि मग बोल. कोऱ्या नोटेचे पैसे मोजलेत मी.

रेवा: अरे विषय काय चाललाय!

शेखर: बरं, विषयावर येतो. १९८६ ला नवं चलन आलं आणि त्याच १००० क्रुझेरोचा १ क्रुझादो झाला. काय कामाची ती कलाकारी?

नोटवेडा: महागाई चित्रकाराने आणली का? तो तर १९८२ लाच गेला. त्याच्या माथी मारू नका.

रेवा: ठीक आहे, गड्डी लावायचं निम्मं काम वाचतं, एवढं मान्य. चेहऱ्याचं मान्य नाही म्हणजे नाही.

मिलिंद: ज्यांच्याकडे ही नोट आहे त्यांनी आज रात्री टॉर्च आडवा मारून बघा. रेघ दिसली तर इथे सांगा, माझ्या एकट्याचीच फसवणूक झालेली नसणार.