नेत्याची लोकप्रियता म्हणजेच जनमत काय? नागपूरच्या निकालांवरून एक चर्चा

नागनदीकाठ:

लोकसभेची निवडणूक जाहीर झाली की वृत्तवाहिन्या एकच प्रश्न लावून धरतात: पंतप्रधान म्हणून आपली पहिली पसंती कोणाला? उत्तरांची टक्केवारी पडद्यावर येते, तिच्यावर रोज संध्याकाळी वाद रंगतात, आणि प्रचार संपेपर्यंत तीच टक्केवारी देशाचे जनमत म्हणून आपण स्वीकारलेली असते. माझे मत असे आहे की ही टक्केवारी नेत्याविषयीचा आदर किंवा आकर्षण मोजते. मत देताना मतदार जो निर्णय घेतो, तो त्याहून बराच वेगळा असतो. नागपूर मतदारसंघाचे जुने निकाल पाहिले तर हे लक्षात यावे.

१९६२ साली नेहरूंच्या तोडीचा लोकप्रिय नेता देशात नव्हता. तरीही नागपूरने लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले, कारण महाराष्ट्रात सामील होऊन दोनच वर्षे झाली होती आणि वेगळ्या विदर्भाची मागणी इथे धगधगत होती. १९७१ मध्ये ‘गरिबी हटाओ’च्या लाटेवर इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळाले, आणि त्याच लाटेत नागपुरातून वेगळ्या विदर्भाच्या चळवळीचे नेते जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉकतर्फे निवडून आले. १९७७ मध्ये खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या, तेव्हा नागपूरने काँग्रेसच्या गेव्ह आवारी यांना निवडले. पुढे अटलबिहारी वाजपेयींविषयी या शहरात, काँग्रेसला परंपरेने मत देणाऱ्या घरांतसुद्धा, मोठा आदर होता. पण १९९८, १९९९ आणि २००४ या तिन्ही निवडणुकांत इथून काँग्रेसचे विलास मुत्तेमवार विजयी झाले.

अलीकडचे उदाहरण नितीन गडकरी यांचे. मेट्रो, उड्डाणपूल, सिमेंटचे रस्ते यांचे श्रेय त्यांना विरोधकही देतात. मात्र त्यांचे मताधिक्य २०१४ मध्ये सुमारे २ लाख ८५ हजार, २०१९ मध्ये सुमारे २ लाख १६ हजार आणि २०२४ मध्ये सुमारे १ लाख ३७ हजार होते. कामाची वाहवा होत राहिली आणि मताधिक्य दहा वर्षांत निम्म्याच्या खाली आले. वाहवा करणारा प्रत्येक जण बटण दाबताना तिथेच थांबत नाही, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

पसंतीचा प्रश्न मतदाराला प्रेक्षक समजून विचारलेला असतो, असे मला वाटते. कोणत्या नेत्याने कोणते काम करायचे राहिले आणि त्याचा जाब आपण कोणाला विचारणार, हे प्रचाराच्या काळात कोणीही सर्वेक्षक विचारत नाही. आपणांस काय वाटते?

सिव्हिल लाइन्सचा वकील:

प्रस्तावकांची उदाहरणे खरी आहेत, पण निष्कर्ष मला मान्य नाही. १९७७ चा नागपूरचा निकाल नेत्याला बाजूला सारून लागलेला नाही. तो नेत्यावरील निष्ठेतूनच लागला. सक्तीच्या नसबंदीने उत्तर भारतात जो संताप उसळला, तसा विदर्भात उसळला नाही, आणि इथल्या गरीब कुटुंबांत इंदिराजींविषयीची आपुलकी टिकून राहिली. सत्ता गेल्यावर काही महिन्यांतच त्या विनोबांना भेटायला पवनारला आल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी विधानसभेत विदर्भाने त्यांच्या काँग्रेसला भरभरून साथ दिली. ज्या धोट्यांचा आपण दाखला दिला, ते १९८० मध्ये पुन्हा निवडून आले ते इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून.

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तेव्हापासून पक्षादेश मोडून सभागृहात मत देणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. आपला खासदार कितीही अभ्यासू, कितीही स्वतंत्र बुद्धीचा असला, तरी विधेयकावर किंवा विश्वासदर्शक ठरावावर तो पक्षनेतृत्वाच्या इच्छेनुसारच हात वर करणार. सरकार कोणाचे बनेल हे ठरवण्यापुरती खासदाराची किंमत उरली असेल, तर मतदाराने थेट त्या सर्वोच्च नेत्याकडे पाहून मत देणे हा भोळेपणा मानता येणार नाही. ते व्यवस्थेचे अचूक आकलन आहे. म्हणून पंतप्रधानपदाच्या पसंतीचा प्रश्न विचारणारा सर्वेक्षक मतदाराला प्रेक्षक समजत नाही. तो त्याला नेमके तेच विचारतो, जे मतदाराला खरोखर ठरवायचे असते.

नागनदीकाठ:

पक्षादेशाविषयीचे आपले म्हणणे मी नाकारत नाही, परंतु खासदाराचे काम मतदानाच्या क्षणाएवढेच नसते. तारांकित प्रश्न, शून्य प्रहर, स्थायी समित्या, अर्थसंकल्पापूर्वीचा पाठपुरावा, यांपैकी कशालाही पक्षादेश लागू नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे पाहा. १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले, मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. त्यानंतर देशाने एकापाठोपाठ एक लोकप्रिय नेते पाहिले, प्रत्येकाच्या सभेला वैनगंगेच्या खोऱ्यातला शेतकरी ट्रॅक्टर भरून आला, आणि कालव्यांची कामे रखडत खर्च मात्र हजारो कोटींवर गेला. दिल्लीतला नेता आवडतो की नाही या प्रश्नाच्या उत्तरातून त्या शेतकऱ्याचे काहीच कळत नाही. त्याच्या कालव्याविषयी लोकसभेत किती वेळा आणि कोणी तोंड उघडले, हे कळणे त्याच्या हिताचे आहे.

माजी मतदान केंद्राध्यक्ष:

मी अनेक निवडणुकांत मतदान केंद्र सांभाळले आहे. दोन्ही बाजू गृहीत धरतात की मतदार सर्वेक्षकाला खरे सांगतो. माझा अनुभव तसा नाही. वस्तीत अनोळखी माणूस कागद घेऊन आला की लोक आधी तो कोणाचा हे अंदाजाने ठरवतात आणि मग त्याला रुचेल ते उत्तर देतात. घरकुल, रेशन, लाभार्थी यादी यांत नाव असलेला माणूस सत्तेतील नेत्याविषयी वाईट बोलण्याची जोखीम घेत नाही, आणि त्यात त्याचे चूक आहे असे मला मुळीच वाटत नाही.

या भीतीमागे ठोस कारण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. आपले मत गुप्त असते, पण वस्तीचे मत गुप्त नसते. मतमोजणीनंतर नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्राचे उमेदवारनिहाय आकडे प्रसिद्ध होतात. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात, म्हणजे दोन-चार गल्ल्यांचा कल उघड होतो. मतपत्रिकांच्या काळात गरज भासेल तिथे निवडणूक आयोग अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजणी करू शकत असे. यंत्रे आल्यावर ती सोय गेली. टोटलायझर वापरून अनेक यंत्रांची मते एकत्र मोजावीत असा प्रस्ताव आयोगाने मांडला, विधी आयोगानेही २०१५ च्या २५५ व्या अहवालात तशी शिफारस केली, पण ती अमलात आली नाही. आपल्या गल्लीने कोणाला मत दिले हे नगरसेवक होऊ पाहणाऱ्याला कळणार असेल, तर त्या गल्लीतली बाई सर्वेक्षकापुढे मन मोकळे कशाला करील? २००४ मध्ये वाजपेयी सरकार परत येणार असे बहुतेक चाचण्या सांगत होत्या आणि भाजप १३८ वर थांबला. २०२४ च्या १ जूनच्या बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ मिळाल्या. नमुन्याच्या चुका असतीलच, परंतु दबून दिलेल्या उत्तरांचा वाटाही मोठा असावा असे मला वाटते.

काटोलचा संत्रा बागायतदार:

आमचे काटोल रामटेक मतदारसंघात येते, म्हणून तिथले सांगतो. २०२४ मध्ये जात पडताळणीच्या वादात काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचा अर्ज बाद झाला आणि पर्यायी अर्ज भरलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे ऐनवेळी उमेदवार झाले. लोकांना त्यांची धड ओळखही नव्हती. तरीही ते पाऊण लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. यात प्रस्तावकांचा ‘उमेदवार पाहून मत’ हा मुद्दा बसत नाही. त्याआधी याच रामटेकने १९८४ आणि १९८९ मध्ये आंध्रातून आलेल्या नरसिंह रावांना निवडले होते, तेही काही गावोगावच्या ओळखीमुळे नव्हे.

पण वकील साहेबांचे म्हणणेही मला पूर्ण पटत नाही. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेले, तशी आमच्या संत्र्याची निर्यात घसरली आणि झाडावरचा माल कवडीमोल भावाने व्यापाऱ्याला द्यावा लागला. परदेशाशी शुल्काची बोलणी काटोलचा आमदार करू शकत नाही, रामटेकचा खासदार करू शकत नाही. ती केंद्र सरकारनेच करायची असतात. म्हणून मी सर्वोच्च नेत्याकडे पाहतो, पण तो मला आवडतो की नाही हे ठरवण्यासाठी पाहत नाही. माझ्या संत्र्यासाठी तो ढाक्याशी बोलला का, हे पाहण्यासाठी पाहतो. सर्वेक्षणात असा एकही प्रश्न आम्हांला कोणी विचारलेला मला आठवत नाही.

दीक्षाभूमी परिसरातील वाचक:

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातील भक्ती किंवा विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडेच नेते. निवडणूक दोन चेहऱ्यांतली स्पर्धा म्हणून रंगवणारे प्रत्येक सर्वेक्षण त्या भक्तीला खतपाणी घालते, मग चेहरा कोणत्याही पक्षाचा असो. या बाबतीत मी प्रस्तावकांच्या बाजूने आहे.

मात्र स्थानिक मतदाराच्या विवेकाविषयी त्यांना वाटणारा विश्वास मला धोक्याचा वाटतो. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत याच विदर्भाने बाबासाहेबांचा पराभव केला. मुंबईत १९५२ मध्ये झालेल्या पराभवानंतरचा तो दुसरा. त्या मतदारांपुढे उमेदवार होता, त्याची विद्वत्ता होती, देशासाठी केलेले काम होते, आणि तरीही जातीचे व पक्षाचे गणित वरचढ ठरले. तेव्हा नेत्याच्या लोकप्रियतेपासून मतदार अलिप्त राहतो एवढ्यावर समाधान मानू नये. तो त्या जागी कशाला शरण जातो हेही तपासले पाहिजे.

सिव्हिल लाइन्सचा वकील:

बागायतदार महोदयांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला, असे मला वाटते. ते सर्वोच्च नेत्याकडेच पाहतात आणि त्यालाच जबाबदार धरतात. मी वेगळे काय म्हणालो? राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार असते आणि त्याचे प्रमुख पंतप्रधान असतात. त्यांच्याविषयी देशाला काय वाटते हे प्रचाराच्या काळात विचारणे गैर कसे? शिवाय सर्वेक्षणे पसंतीपलीकडे जातच नाहीत हेही खरे नाही. सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती हा सर्वेक्षण उपक्रम मत देताना पक्ष पाहिला की उमेदवार, महागाईचा त्रास किती, बेरोजगारी किती सतावते, असे प्रश्न अनेक निवडणुकांपासून विचारत आला आहे. वाहिन्या त्यातली चेहऱ्यांची टक्केवारीच उचलतात, हा दोष वाहिन्यांचा.

नागनदीकाठ:

लोकनीतीच्या कामाविषयी मलाही आदर आहे. मात्र प्रचाराच्या दिवसांत लाखो घरांत पोहोचते ती चेहऱ्यांची टक्केवारीच, आणि पक्षही तीच पाहून सभा कोणाची लावायची ते ठरवतात. २०२४ मध्ये नागपूरचे मतदान १९ एप्रिलला, पहिल्याच टप्प्यात झाले. निकालाला ४ जून उजाडला. मधल्या दीड महिन्यात देशभर कोणता नेता कोणाविषयी काय बोलला याचीच चर्चा चालली, आणि गोसीखुर्द, संत्रा, नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पातले रोजगार हे विषय आमच्याकडच्या मतदानाबरोबरच मागे पडले. बागायतदार सर्वोच्च नेत्याकडे पाहतात हे मान्य, पण ते त्याच्याकडे शुल्काचे काम घेऊन पाहतात. आपण म्हणता ती पसंती आणि ते म्हणतात तो जाब, या दोहोंची उत्तरे एकाच माणसाबाबत उलट येऊ शकतात. गडकरींच्या मताधिक्यात मला तेच दिसते.

सिव्हिल लाइन्सचा वकील:

मताधिक्य घटण्यामागे आपण धरता ते कारण सिद्ध झालेले नाही. विदर्भातील दहापैकी सात जागा २०२४ मध्ये महाविकास आघाडीला गेल्या. चंद्रपुरात भाजपचे सुधीर मुनगंटीवार अडीच लाखांहून अधिक मतांनी हरले. त्या वातावरणात नागपूरची जागा टिकली, ती गडकरींच्या व्यक्तिगत लोकप्रियतेमुळेच, असा अर्थ त्याच आकड्यांतून मी काढतो. लोकप्रियता नसती तर मताधिक्य घटले नसते, जागाच गेली असती. नमुना २० चे केंद्रनिहाय आकडे उपलब्ध आहेत. त्यांतून पूर्व नागपूर आणि उत्तर नागपूर वेगवेगळे काढून २०१९ शी ताडून पाहू, मग कोणत्या वस्त्यांनी हात आखडता घेतला यावर बोलता येईल.