कंपनीचा स्टिरिओ काढून नवा बसवायचा आहे. मूळ तारा कापू द्याव्यात का?

प्रतापनगरकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे मारुतीची २०१५ सालची हॅचबॅक आहे. तिच्यातील कंपनीचा सीडी-यूएसबी स्टिरिओ अजून व्यवस्थित वाजतो. परंतु नकाशा पाहण्यासाठी मोबाइल मांडीवर ठेवावा लागतो आणि आमच्या अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना कॅमेऱ्याची उणीव रोज जाणवते. म्हणून पडद्याचा स्टिरिओ आणि मागचा कॅमेरा एकदमच बसवून घ्यावा, असा विचार आहे.

गेल्या रविवारी नागपूरच्या सदर भागातील दोन दुकानांत चौकशी केली. पहिल्या दुकानदाराने नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ दाखवला आणि जुना कपलर (तारांच्या टोकाचा प्लास्टिकचा जोड) कापून तारा थेट जोडून देतो, अर्ध्या तासाचे काम आहे, असे सांगितले. दुसऱ्याने गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर लावण्याचा आग्रह धरला आणि त्याचे पाचशे रुपये वेगळे सांगितले. हा जास्तीचा खर्च खरोखर आवश्यक आहे का? स्टिअरिंगवरील बटणे नव्या स्टिरिओवर चालतील का? शिवाय माझ्या वडिलांना गाडीत बसताच ५८५ किलोहर्ट्झवरचे आकाशवाणी नागपूर लागते, त्यात व्यत्यय आलेला त्यांना चालणार नाही.

जुना वायरमन

पाचशे रुपये आनंदाने द्या. कपलर कापणाऱ्या दुकानात गाडी नेऊच नका.

कारण सांगतो. कापलेल्या तारा सोलून, पीळ देऊन त्यांवर काळी टेप गुंडाळली की काम दिसायला पक्के दिसते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो आणि टेपचा गोंद पातळ होऊन ती हळूहळू सुटत जाते. दोन वर्षांनी अशी गाडी उघडली, तर टेप बोटांना चिकटते आणि आत उघडे तांबे दिसते. कपलर लावल्यास गाडीची मूळ वायरिंग अबाधित राहते आणि गाडी विकताना जुना स्टिरिओ दहा मिनिटांत परत बसवता येतो.

आता तारांविषयी. नव्या स्टिरिओच्या पिवळ्या तारेला बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट पुरवठा लागतो, लाल तारेला किल्ली फिरवल्यावरच येणारा लागतो आणि काळी तार अर्थिंगची असते. गाडीच्या बाजूच्या तारांचे रंग मात्र वेगळे असतात, त्यामुळे रंगाला रंग जुळवून जोडणी करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. किल्ली बंद आणि चालू ठेवून मल्टिमीटरने दोन्ही वेळा मोजायला लावावे. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली, तर किल्ली काढताच घड्याळ आणि स्टेशने पुसली जातात. दोन्ही एकत्र करून कायमच्या पुरवठ्यावर दिल्या, तर स्टिरिओ कधी झोपतच नाही. माझ्या मेहुण्याच्या गाडीत एका दुकानदाराने नेमके हेच केले होते. स्टिरिओ बंद दिसत असतानाही पाव अँपिअर प्रवाह ओढत होता. म्हणजे दिवसाला सहा अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत जवळजवळ रिकामी झाली आणि चंद्रपूरहून परतल्यावर गाडीला धक्का मारण्याची वेळ आली.

स्पीकरची ऋण तार बॉडीला जोडू देऊ नये, त्याने स्टिरिओमधील अँप्लिफायरची आयसी जळू शकते. एखाद्या स्पीकरची जोडणी उलटी झाली, तर काही जळत नाही, पण खर्जाचा आवाज पोकळ होतो. हे ओळखायला स्पीकरच्या तारा स्टिरिओपासून सोडवून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. कोन बाहेर सरकला, तर सेलच्या धन टोकाला लागलेली तार स्पीकरची धन तार समजावी.

स्टिअरिंगवरील बटणे बहुतेक चालतील. अशा अनेक गाड्यांत प्रत्येक बटणाचा रोध वेगळा असतो आणि नव्या स्टिरिओची ‘की’ असे लिहिलेली तार जोडून सेटिंगमध्ये एकेक बटण दाबून शिकवावे लागते. ज्या गाड्यांत बटणांचा संदेश कॅन बसवरून (गाडीतील उपकरणांना जोडणाऱ्या सामाईक संदेश-तारांवरून) जातो, तेथे वेगळी डीकोडर पेटी लागते.

मनीषनगरवाला

वायरमन काकांशी सहमत आहे. माझी भर एवढीच की, पडदा किती इंची आहे यापेक्षा तो उन्हात तगतो का, हे विचारा. माझा स्वस्तातला अँड्रॉइड स्टिरिओ एप्रिल-मेमध्ये दुपारी चालू झाल्यावर पहिली दहा मिनिटे बोटाला दादच देत नाही. मोबाइलचाच पडदा दाखवणारा सात इंची स्टिरिओ घेतला असता, तर बरे झाले असते, असे आता वाटते. आणि खोक्यावरील ‘४ × ५० वॉट’ पाहून भुलू नका; तो कमाल आकडा असतो, सलग मिळणारी शक्ती प्रत्येक स्पीकरला साधारण वीस वॉटच्या आसपास असते.

प्रतापनगरकर

आपणा दोघांचे आभार. दुसऱ्या दुकानातून कपलर लावूनच सात इंची स्टिरिओ बसवून घेतला. मल्टिमीटर मागितल्यावर कारागीर थोडा रुसला, परंतु त्याने मोजून दाखवले. कॅमेरा आणि बटणे चालतात. अडचण एकच आहे: आकाशवाणी पूर्वी वर्ध्यापर्यंत स्वच्छ लागत असे, आता प्रतापनगरातच खरखर आहे आणि बुटीबोरीला तर आवाज शोधावा लागतो. वडील दोन दिवस काही बोलले नाहीत, हे अधिक वाईट.

जुना वायरमन

स्टिरिओ सदोष असेलच असे नाही. छतावरील आखूड अँटेनाच्या बुडाशी बहुधा लहरी वाढवणारा छोटा बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. कंपनीचा स्टिरिओ ते देत होता. नव्या स्टिरिओत ते निळ्या तारेतून मिळतात आणि ती तार पुष्कळदा टेप लावून तशीच सोडलेली असते. पांढरी रेघ असलेली निळी तार बाहेरच्या अँप्लिफायरची असते, तिच्याशी गल्लत करू नये. कपलरमध्ये अँटेनाची तार आहे का, ते आधी पाहा. नसेल, तर अँटेनाच्या केबलला मध्ये लावायचा वीज देणारा अडॅप्टर मिळतो.

प्रतापनगरकर

निळी तार खरोखरच टेप गुंडाळून मागे खोचलेली होती. कपलरमध्ये तिची जागा होती, कारागिराने जोडून दिली आणि पैसे घेतले नाहीत. आज सकाळी वडिलांना घेऊन बुटीबोरीच्या पुढे जाऊन आलो. बातम्या स्पष्ट ऐकू आल्या. जुना स्टिरिओ त्याच्या फ्रेमसह नव्याच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवला आहे.