त्रिशंकू संसद आली तर राजाने कुणाला बोलवावं?

चिराबाजारकर:
यंदा गणपतीत आमच्या गिरगावच्या चाळीतल्या मुलांनी एक खोटं राज्य मांडलं. राज्यघटना आहे, संसद आहे आणि वर नामधारी राजा. राजा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा: डोक्याला फेटा, पायात स्लिपर. चाळीतल्या १०१ खोल्या हेच मतदारसंघ, बहुमताला ५१. निकाल असा: छत्री ४३, कंदील ३१, घागर २०, अपक्ष ७. कंदील आणि घागर ५१ सह्यांचं पत्र घेऊन आले. अण्णांनी ते फेट्यात खोचलं आणि ‘मान मोठ्याचा’ म्हणत छत्रीला शपथ दिली. भांडण आरतीपर्यंत पुरलं. माझ्या मते अण्णा चुकले. ५१ सह्या हातात आल्यावर राजाने फक्त मोजायचं.

पार्लेकर:
साफ असहमत. कंदील-घागर एकत्र लढले होते का? निकालानंतर जुळवलेली मोट ती. आपल्याकडे केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने राज्यपालांसाठी कुणाला आधी बोलवायचं याचा क्रम सांगितला, त्यातही निवडणुकीआधीची युती पहिली, निकालानंतरची नंतर. १९९६ साली राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मांनी वाजपेयींना बोलावलं ते सर्वात मोठा पक्ष म्हणूनच.

लोअर परळ:
आणि ते सरकार १३ दिवसांत गेलं, हे कोण सांगणार? शिवाय सरकारियांच्या त्या यादीत सर्वात मोठ्या पक्षानेही इतरांचा पाठिंबा दाखवायचा असतो. छत्रीने सातही अपक्ष ओढले तरी ५०च.

चिराबाजारकर:
अगदी! आणि २०१९ विसरलात? २३ नोव्हेंबरचा पहाटेचा शपथविधी. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीची तारीख बांधून दिली आणि २६ला राजीनामा. मुंबईकराला तरी हे समजवावं लागू नये.

पार्लेकर:
तो दोष राज्यपालपदाचा. राज्यपाल दिल्लीतून नेमला जातो, राजाला कुणी नेमत नाही, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. स्पेनमध्ये २०२३ला राजा फेलिपेंनी आधी फेयोंना बोलावलं, कारण त्यांचा पक्ष मोठा होता. सभागृहाने त्यांना नाकारलं, मग सांचेझच पुन्हा पंतप्रधान झाले. काय बिघडलं? महिना-दोन महिने गेले, इतकंच.

निवृत्त मास्तरीण:
पार्लेकर, तुमच्याच उदाहरणात तुम्ही हरलात. फेयोंना राजाने शपथ दिली नव्हती, फक्त उमेदवार म्हणून नाव सुचवलं होतं. आधी मतदान, मग शपथ. अण्णांनी उलटं केलं. खुर्चीत बसलेल्याला उठवणं आणि दारातल्याला आत न घेणं यात फरक आहे. (चाळीत खोली भाड्याने दिलेल्यांना हे लगेच कळेल.)
आणि राजावर भरवसा ठेवता येतो म्हणे! नेपाळमध्ये २००५ला ज्ञानेंद्रांनी सरकार बरखास्त करून सत्ताच हातात घेतली, २००८ला राजेशाही गेली. स्वीडनने १९७४च्या राज्यघटनेत हे काम राजाकडून काढून सभापतीकडे दिलं. नेदरलँड्सनेही २०१२पासून सरकार जुळवण्यात राणीचा हात ठेवला नाही, संसदच बघते.

पार्लेकर:
बरं, शपथेचा मुद्दा मान्य. सभापतीचा नाही. तो कुठल्या तरी पक्षातूनच येतो ना? मलेशियात २०२२ला कुणालाच बहुमत नव्हतं, शेवटी राजानेच गाठ सोडवली आणि अन्वर इब्राहिम पंतप्रधान झाले. तिथे पाच दिवसांत उरकलं. संसदेवर सोडलं असतं तर?

लोअर परळ:
बेल्जियममध्ये राजा असूनही २०१०-११ला ५४१ दिवस लागले. राजा काही गुळाची ढेप नव्हे, ठेवली की मुंग्या जमल्या!

चिराबाजारकर:
पुढच्या वर्षासाठी ठरतंय ते असं: राजाने नाव फक्त पुकारायचं, शपथ मतदानानंतर. मुदतीवर मात्र अडलंय. मुलं दोन दिवस मागतायत, मला एकच पुरेसा वाटतो, गणपती पाच दिवसांचा आहे. आणि ते पत्र अजून अण्णांच्या फेट्यातच आहे, द्यायला तयार नाहीत.