तेलाविना टर्बो: रोजच्या गाडीत किती टिकेल?

टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र. वंगणाच्या तेलाविना चालणाऱ्या टर्बोबद्दल ‘तेलच नाही, म्हणजे गळती नाही आणि बेअरिंग जळण्याचा प्रश्नही नाही’ हा मुद्दा अर्धाच खरा आहे. कारण साध्या टर्बोत तेल वंगणाबरोबरच टर्बाइनकडून (इंजिनाच्या तप्त धुराने फिरणाऱ्या चाकाकडून) शाफ्टमध्ये, म्हणजे त्याच्या दांड्यात, उतरणारी उष्णताही वाहून नेते. तेल काढल्यावर ती ग्रीस भरलेल्या सिरॅमिक बॉल बेअरिंगना सोसावी लागते, आणि मे महिन्यात सोलापुरात पारा ४३ अंशांवर असताना पुण्याहून सुसाट आलेली गाडी तशीच बंद केली, की आतले ग्रीस करपण्याचा धोका वाढतो. पाण्याचे कूलिंग नसलेला असा टर्बो रोजच्या गाडीला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाफ्टला हवेच्या थरावर फिरवणाऱ्या फॉइल (पातळ पत्र्याच्या) बेअरिंगची गोष्ट निराळी. विमानांच्या वातानुकूलन यंत्रणेत ती कित्येक दशके वापरात आहेत. मात्र पुरेसा वेग येऊन शाफ्ट उचलला जाईपर्यंत तो फॉइलच्या लेपावर घासतो, त्यामुळे झीज मुख्यतः इंजिन किती वेळा चालू-बंद झाले यावर ठरते. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या सिग्नलवर इंजिन बंद करणाऱ्यांनी (पेट्रोलसाठी ते योग्यच आहे) हे ध्यानात घ्यावे. बेअरिंग किती किलोमीटर टिकेल याऐवजी किती वेळा चालू-बंद सोसेल, हाच आकडा विक्रेत्याला विचारावा.