तिबेटी मैत्रिणीला ट्रिपला न्यायचंय, पण तिच्याकडे पासपोर्टच नाही

संत्रानगरी_पोरगी:
आमचा नागपूरचा कॉलेज ग्रुप आहे, फायनल इयर झाल्यावर नेपाळला जायचं ठरतंय कारण पासपोर्टची झंझट नाही, मतदार कार्डावर काम होतं. पण ग्रुपमधली एक मैत्रीण तिबेटी आहे, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहतीतली. जन्म इथलाच, मराठी माझ्यापेक्षा बरी बोलते, आईबाबा हिवाळ्यात स्वेटर विकतात. तिने "मला नाही जमणार, घरी काम आहे" म्हटलं. पोरं म्हणतात भाव खाते. मला वाटतं कागदांचा प्रॉब्लेम आहे पण विचारू कसं?

कागदीघोडे:
कागदांचाच आहे. नागरिक नसलेल्या तिबेट्यांकडे आरसी असते, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचं पुस्तक, ती वेळेवर रिन्यू करायची. देशाबाहेर जायचं तर पिवळ्या कव्हरची आयसी, म्हणजे पासपोर्टऐवजी चालणारं ओळखीचं पुस्तक काढा, मग एक्झिट परमिट घ्या, परत येऊ देण्याचा शिक्का घ्या, आणि त्यावर समोरच्या देशाने व्हिसा दिला तर गेलात. मतदार कार्डाची सोय फक्त आपल्याला. आणि नेपाळ सोडा, सिक्कीमला जायचं तरी तिला वेगळं परमिट लागेल.

रोखठोक_काका:
इथे जन्मली ना, मग पासपोर्ट काढायला कोणी अडवलंय? उगाच बिचारी बिचारी करू नका, आपल्या पोरांना पण व्हिसे नाकारतात.

कागदीघोडे:
काका, इथे जन्मलं की नागरिक हा नियम १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेल्यांना. त्यानंतरच्यांचे आई किंवा वडील नागरिक असावे लागतात आणि डिसेंबर २००४ पासून तर अजून कडक. त्यात २०१७ ला या नियमात बसणाऱ्या तिबेट्यांना पासपोर्ट द्यायचं ठरलं तेव्हा सोबत अटी आल्या, आरसी-आयसी परत करा आणि वसाहत सोडा. आता नियमात बसली तरी वसाहतीतच आजी, घर, शेत सगळं असलं तर विशीतल्या पोरीने काय निवडायचं? व्हिसा नाकारलेला पोरगा निदान स्वतःच्या घरी तरी परत जातो.

झाडीपट्टीवाला:
मी अर्जुनी मोरगावचा, वसाहतीतली पोरं आमच्यासोबत शिकली. त्यांना कीव नको असते बाप्पा, आणि सगळ्यांसमोर "तू इंडियन आहेस का" हे तर मुळीच नको, कारण प्रत्येक हॉस्टेल, प्रत्येक सिमकार्ड, प्रत्येक फॉर्मला तेच उत्तर देऊन ती थकलेली असतात. म्हणून मग घरी काम आहे म्हणून मोकळं होतात. तुम्ही तिला एकटीला विचारा, ताई, आणि "कुठे जायला तुला सोपं पडेल" एवढंच विचारा. कारण सांगायचं की नाही ते तिचं ती बघेल. पोरांना पण तुम्हीच गप करा, तिला करायला लावू नका.

संत्रानगरी_पोरगी:
विचारलं काल मेसमध्ये. आधी हसली, मग म्हणे कूर्गला चला, जवळच बायलकुप्पेला मावशी आहे, तिकडे मोठी तिबेटी वसाहत आहे, मोमो फुकट. नेपाळवाले दोघं अजून कुरकुरतायत, त्यांना म्हटलं तुम्ही दिवाळीत जा. काकांनी पण यावं हवं तर 😄 नागपूर ते म्हैसूर ट्रेनचं कोणी सांगेल का, स्लीपर मिळेल का मे मध्ये?